दोराचा प्रश्न

एकदा एका नदीतीरी एक व्यापारी दगडी घाट बांधवीत होता. कामाची धुरा एका वृद्ध स्थपतीकडे होती, आणि नव्या कामगारांना शिकवण्याचे काम त्याचा शिष्य विश्वंभर करी. विश्वंभर मनापासून शिकवी. रोज सकाळी मांडवात सर्वांना बसवून तो नियम समजावून सांगे आणि मग एकेकाला उभे करून विचारी, "शिळा वर चढत असताना दोर करकरला, तर काय कराल?"

"ओरडून खालच्यांना बाजूला करू," असे उत्तर येई.

त्या नव्या कामगारांतल्या तुळाजीचे उत्तर तर कधीच चुकले नव्हते. पण तो दोरावर लक्ष ठेवीत असताना एके दिवशी दोर खरोखरच करकरला, आणि तो नुसता पाहत राहिला. शिळा कोसळली. खाली उभ्या असलेल्या भिवबाचा पाय चिरडला.

व्यापाऱ्याने तुळाजीला कामावरून काढायचे ठरवले. तुळाजी भिवबाच्या उशाशी मान खाली घालून बसून राही. विश्वंभर व्यथित होऊन गुरूंकडे गेला. आपण शिकवण्यात कसूर केली नाही, तुळाजीलाही सारे येत होते, मग असे का व्हावे, हे त्याला उमगेना.

स्थपतीने व्यापाऱ्याकडून थोडी मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने शिळेऐवजी ओल्या वाळूचे पोते दोराला बांधायला लावले, खालची जागा मोकळी केली, तुळाजीला दोरावर लक्ष ठेवायला उभे केले, आणि चांगल्या दोराचे काही पेड कोयत्याने कापून टाकले. म्हाताऱ्याची बुद्धी फिरली, असे व्यापारी पुटपुटला.

पोते वर चढू लागले. दोर करकरला. तुळाजीने तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही, आणि पोते खाली आदळले. स्थपती रागावला नाही. त्याने दुसरा दोर मागवला. या खेपेस तुळाजी ओरडला, पण उशिरा. मग पुन्हा एकदा, आणि पुन्हा. दुपार कलेपर्यंत पहिल्या करकरीलाच तो असा ओरडू लागला, की घाटाच्या पार टोकाची माणसेही मागे सरली.

स्थपती विश्वंभरला म्हणाला, "बाळा, तू शिकवलेले उत्तर खरेच होते. पण मांडवात प्रश्न तू विचारत होतास, सावकाश, शब्दांत. इथे प्रश्न दोर विचारतो, आणि उत्तरासाठी थांबत नाही. तुळाजीने तो प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. तुझी तळमळ कमी नव्हती आणि त्याची बुद्धीही. धड्याची जागा तेवढी चुकली."

व्यापाऱ्याने तुळाजीला कामावर ठेवून घेतले. संध्याकाळी विश्वंभर त्याला घेऊन भिवबाकडे गेला आणि गुरूंचे बोलणे त्याने दोघांना सांगितले. भिवबाने तुळाजीचा हात हाती घेतला.

"तो आवाज मलाही ऐकू आला होता रे," तो म्हणाला. "मीही हललो नाही."

कामासाठी माणसे घडवणाऱ्याने धडा रचण्याआधी एवढेच पाहावे, की काम त्यांना आपला प्रश्न कोणत्या आवाजात विचारणार आहे.