डोंगऱ्याच्या सुळ्यातलं कडं

एक होता राजा. राजापेक्षा त्याचा खर्च मोठा, बरं का! पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या माहुताची आहे. पाय आत घे रे, आणि ऐक.

माहुताचं नाव सुभानजी, बायकोचं गोजरा आणि हत्तीचं डोंगऱ्या. माहूत म्हातारा झाला, हत्तीही म्हातारा झाला. मग राजाने दोघांना घरी बसवलं. हंडीभर नाणी दिली आणि म्हणाला, "हत्तीही घेऊन जा. तुम्हा तिघांचं म्हातारपण यात निघेल."

नाणी कशी? पुरीएवढी! एका नाण्याला गाडीभर ऊस यायचा. पण त्या राज्यात एक विचित्र गोष्ट व्हायची. राजाने टांकसाळीत नवी नाणी पाडली, की घराघरातली नाणी आपोआप आकसायची.

मग थोरल्या राजपुत्राचं लग्न निघालं. राजाने नाणीच नाणी पाडली. सुभानजीने हंडी उघडली, तर नाणी बत्ताशाएवढी! गाडीच्या जागी मोळीभर ऊस आला. डोंगऱ्या सोंड पुढे करून मागतच राहिला.

गोजरा म्हणाली, "अहो, अजून दोन राजपुत्र लग्नाचे आहेत. निम्म्या नाण्यांचं सोनं घेऊन टाका."

"अगं, हत्ती सोनं खातो का?"

"मग नाणी खातो का?"

सुभानजीने हंडीतली नाणी पुन्हा मोजली. त्याला फार भीती वाटत होती. ऊस संपला, की डोंगऱ्याला लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायला द्यावं लागणार, आणि बिचाऱ्याचे गुडघे केव्हाच गेले होते.

मग दोघं सोनाराकडे गेली. सोनार म्हणाला, "छान मोर काढतो, वेल काढतो."

गोजरा म्हणाली, "काही काढू नका. मोडताना मोराची मजुरी परत देणार आहात का? साधे वेढे द्या."

तसं वेढ्यांचं कडं झालं आणि डोंगऱ्याच्या सुळ्यात घट्ट बसलं. तिथे कुठला चोर हात घालतोय! गाव हसलं. हसेना का.

मग मधल्याचं लग्न झालं. नाणी चिंचोक्याएवढी. कडं होतं तेवढंच. सुभानजी कड्याचा गुंजभर तुकडा कापून न्यायचा, आणि ऊस गाडीभरच यायचा.

मग आलं धाकट्याचं लग्न. नाणी झाली तिळाएवढी! राजाची नाणी राजाचाच वाणी घेईना. मग राजा स्वतः माहुताच्या दारात आला.

"सुभानजी, ते कडं दे. दहा हंड्या नाणी देतो. आत्ताच पाडलीत, गरम आहेत."

सुभानजीने मान खाली घातली. राजाला नाही कसं म्हणायचं? गोजराने जुनी हंडी पुढे केली. "महाराज, ही तुम्हीच दिलेली. जरा आत बघा."

राजा वाकला. आत बघता बघता त्याला सटकन शिंक आली, आणि उरलेलं सगळं म्हातारपण भुर्रकन अंगणात उडून गेलं.

राजाने अंगणातली धूळ चाळून पाहिली, एक नाणं हाती लागेना. मग कडं न घेताच परत गेला. टांकसाळीला कुलूप लागलं. धाकट्याच्या लग्नात पिठलं-भाकरीची पंगत उठली, आणि लोक पोटभर जेवले. उडालेली नाणी मात्र कुणालाच परत मिळाली नाहीत.

कड्याचे वेढे कमी होत गेले, पण डोंगऱ्याने वखार कधी पाहिली नाही. तिघं सुखाने राहिली. ऊस खाऊन झाला, की डोंगऱ्या कान हलवणं थांबवायचा आणि झोपायचा. चला, तुम्हीही आता कान हलवू नका.