पहाटेचं शून्य

"कुणाला विचारून वाडी रिकामी केलीत, चाचा?"

वैदेही खोत गाडीतून उतरल्या उतरल्या ओरडली. शाळेच्या ओसरीवर बसलेली बायकामाणसं गप्प झाली.

इनूसचाचा भिंतीला टेकून बसले होते. धरणावरची मापनयंत्रं सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. वैदेही यंत्र उघडायला शिकली तीही त्यांच्याच हाताखाली.

"डोंगराला विचारलं," ते म्हणाले.

"डोंगराला विचारायला मी पेटी बसवली आहे! आज सकाळचा आकडा बघा. शून्य पूर्णांक शून्य. खाली लिहिलंय, ठीक."

पेटी म्हणजे तिचा जीव की प्राण. खडपेवाडीच्या वर डोंगराला भेग पडली होती. भेगेवर ताणलेली तार, तारेतून येणारी वीज, आणि त्या विजेचा आकडा करणारा पेटीतला कन्व्हर्टर. भेग रुंदावली की आकडा वाढणार. वर माणूस पाठवायची गरजच नाही, कारण पेटी रोज पहाटे स्वतःच स्वतःला तपासते आणि चूक सापडली की सुधारते. या शेवटच्या गोष्टीवर वैदेहीने शहरात टाळ्या मिळवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण खडपेवाडीत राहत नव्हता, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पेटी बसली त्याच दिवशी चाचांनी भेगेच्या दोन्ही काठांवर एकेक खुंटी ठोकली. दर आठवड्याला काठी घेऊन डोंगर चढायचं, खुंट्यांमधलं अंतर मोजायचं, काठीवर खूण करायची आणि उतरायचं. महिनाभर ते कचेरीत सांगत होते, भेग वाढतेय. कचेरी त्यांना पेटीचं शून्य दाखवत होती. काल मात्र ते डोंगर उतरले ते थाळी बडवतच. बावीस घरं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, रस्त्यालगतच्या शाळेत आणून बसवली.

"तहसीलदार माझ्या सहीसाठी थांबलेत," वैदेहीने हातातला कागद नाचवला. "धोका नाही, लोकांनी घरी जावं. दुपारी ही माणसं आपापल्या घरात जेवतील. तुमच्या एका काठीपायी माझी दोन वर्षांची मेहनत हसण्यावारी जातेय!"

"कर सही."

"करतेच आहे!"

"त्याआधी एक सांग. पेटी स्वतःला तपासते, तेव्हा डोंगराची तार सोडते ना?"

वैदेहीने काढलेलं पेन तसंच हातात राहिलं.

"तार तेवढ्यापुरती सोडणारा खटका, रिले. मी तुला दाखवला होता. आहे ना पेटीत?"

"काढला."

"का?"

"दमट हवेत चिकटायचा. सारखा बिघाड, आणि सारखं वर कोण चढणार? म्हणून पेटी तार जोडलेली ठेवूनच शून्य लावते. एका दिवसात डोंगर काय हलणार आहे? पहाटे जो थोडाफार आकडा दिसेल, तो पेटीच्याच चुकीचा. तेवढा वजा करायचा."

"रोज?"

"रोज."

"आणि वजा केलेलं कुठं जातं?"

"नोंद राहते. कुणी बघत नाही."

"बघ."

तिने चिडूनच फोन काढला. पेटीची नोंद उघडली आणि कंटाळलेल्या सुरात वाचायला लागली.

"शून्य पूर्णांक सहा. सात. सहा. आठ. सहा..."

"कोणत्या बाजूला?"

तिचं बोट थांबलं.

"पोरी, कोणत्या बाजूला?"

"रुंद होण्याच्या."

"सगळे?"

ती फोनचा पडदा सरकवत राहिली. अठ्ठावन्न दिवस. एकही आकडा उलटा नव्हता. पेटीची चूक असती तर हवेबरोबर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. हे तिला चाचांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

"बेरीज कर."

तिचं बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर गेलं.

"कर!"

"अडतीस मिलिमीटर."

आता चाचा ओरडले. इतके, की ओसरीवरचं एक तान्हं दचकून रडायला लागलं.

"अडतीस! डोंगर रोज सांगत होता आणि तुझी पेटी रोज पहाटे पुसून टाकत होती! वर आणखी ठीक म्हणून लिहीत होती! बावीस घरं तुझ्या त्या शून्याच्या भरवशावर निजत होती, आणि तू मला विचारतेस कुणाला विचारलं?"

वैदेहीने कागद फाडला. पुन्हा फाडला. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो संताप कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. तिने तहसीलदारांना फोन लावला. कुणीही घरी जाणार नाही, म्हणाली. चूक माझी आहे, म्हणाली.

मग ती चाचांसमोर मटकन खाली बसली.



"तुमच्या काठीवर किती भरलं?" तिने विचारलं.

"चाळीस."

"चाळीस कसे?" तिचा आवाज पुन्हा चढला. "माझे अडतीस आहेत. वरचे दोन कुठून आणलेत? खुंटी कलली असेल. नाहीतर तुम्हाला खूण नीट दिसत नसेल. दोन महिने एकटेच मोजताय, तुमचं मोजमाप कधी कुणी तपासलंय?"

ओसरीवरच्या लोकांनी माना खाली घातल्या. चाचांशी असं बोलायची वाडीत कुणाची छाती नव्हती.

चाचांनी काठी उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"नाही तपासलं कुणी," ते म्हणाले. "उद्याही अशीच भांडायला ये."