पल्लवी उईकेचं म्हणणं

"पण भंते, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी तिच्याच बाकाखाली सापडली. मग माझं चुकलं कुठे?"

हर्षवर्धन मेश्राम विद्यापीठाच्या शिस्त समितीचा सर्वांत तरुण सदस्य. टेकडीवरच्या याच विहारात भंतेंच्या पायाशी बसून तो घडला होता. आज मात्र तो शिकायला आला नव्हता, शाबासकी घ्यायला आला होता.

भंते चटया झटकत होते.

"पोरगी काय म्हणाली?"

"आलीच नाही. गैरहजेरी म्हणजे कबुली, असं समितीनं धरलं. नियमात बसतं ते."

"कळवलं होतं तिला?"

"रीतसर. वसतिगृहात तिच्या खोलीच्या दारावर नोटीस चिकटवली."

"आणि वसतिगृहातून तिला काढलं कधी?"

हर्षवर्धनने मान खाली घातली.

"...त्याच्या आदल्या दिवशी."

भंते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुठली रे ती?"

"गडचिरोलीकडची. पल्लवी उईके. विद्यापीठातूनच कायमचं काढलं तिला. आज सकाळच्या एसटीनं बाप घेऊन गेला."

"काल पेटी घेऊन ती इथंच बसली होती."

हर्षवर्धन एकदम पुढे सरकला.

"काय म्हणाली? चिठ्ठी तिची होती का? सांगा ना, भंते!"

"मी एवढंच विचारलं, बाई, जेवलीस का?"

"मग?"

"रडली."

...

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. दोघंही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"बोलावून घे तिला," भंते म्हणाले.

"आता? सह्या झाल्यात, भंते. सगळे हसतील आम्हाला. आणि चिठ्ठी तिचीच असणार. ऐकून घेतलं असतं तरी निकाल हाच लागला असता."

"असणार?"

"...म्हणजे, असेलच. जाऊ द्या ना. प्रकरण संपलंय."

भंतेंनी हातातली चटई समोर अंथरली. कुणी बसणार असावं तशी नीट, सुरकुती काढून. मग त्या रिकाम्या चटईकडे तोंड करून बसले आणि कानामागे हात धरला.

बराच वेळ गेला.

"भंते... काय करताय?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दुसरा हात वर करून त्याला थांबवलं.

"मध्ये बोलू नको, हर्षा. तिचं सांगून झालं नाही अजून."