सगुणाताईंची थंड गुहा

एका जंगलात एक गवा राजा होता. तो निवडून आलेला राजा होता, म्हणून निवडणुकीच्या दिवसांत शिंगं झाकायला फेटा बांधायचा. निवडणूक झाली की फेटा काढायचा. जंगलाला दोन्हीची सवय होती.

त्याच जंगलात सगुणाताई उदमांजर बिअर गाळत. बिअर तशी कुणालाही जमते. जव भिजवा, मोड आणा, भाजा, उकळा, आंबवा, झालं. पण सगुणाताईंची बिअर लागर, म्हणजे निजवलेली. आंबवून झाली की ती पिंपात भरायची आणि थंड गुहेत सहा आठवडे निजवायची. हलवायची नाही, उघडायची नाही, पाहुण्यांना दाखवायला आत न्यायचं नाही. मग गाळ तळाला बसतो, उग्रपणा जातो आणि पेल्यातून पलीकडचं झाड दिसेल इतकी नितळ बिअर मिळते. जंगलात अशी थंड गुहा एकच होती. ती ताईंच्या वडिलांनी शोधली होती आणि ताईंचा जीव तिच्यात अडकला होता.

अलीकडे मात्र धंद्याचे दिवस बरे नव्हते. वानरांच्या पोरांनी झाडोझाडी छोट्या भट्ट्या घातल्या होत्या. एकाच्या बिअरमध्ये करवंद, दुसऱ्याच्यात चिंच, तिसऱ्याच्यात काहीच नाही, नुसतं लांबलचक नाव. काळविटांना हलकी बिअर हवी होती, कारण पोट सुटलं तर उड्या मारताना दिसतं. मोरांना आत काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं, डब्यावरचं चित्र चांगलं पाहिजे.

"बिअरमध्ये चिंच कशाला घालता रे?" सगुणाताई वानरांना म्हणत. "भेळ आहे का ती?"

आणि सशांची नवी पिढी तर बिअर मागायची, पण नशा नको म्हणायची. सकाळी पळायला जायचं असतं म्हणे. ताई आधी खूप हसल्या. मग त्यांनी विचार केला. नशा असली की गाळणाऱ्याच्या चुका तिच्यात खपून जातात. नशाच नसली, तर पहिल्या घोटाला अब्रू जाते. अशी बिअर करून दाखवावी तर ती आपणच, असं त्यांनी मनावर घेतलं. घरातले होते नव्हते तेवढे सगळे जव घालून त्यांनी बिनानशेची लागर केली, तिचं नाव ठेवलं 'शून्य', आणि ती गुहेत निजवली. ही जमली तर धंदा तरणार होता. बिघडली तर दुसरी करायला घरात जवाचा दाणा नव्हता.

चार आठवडे झाले. दोन उरले. आणि नेमकं तेव्हाच राजाचं सरकार डळमळलं.

त्याचं असं झालं, की विरोधी पक्षाच्या तरसअण्णांनी राजाच्या सभासदांना जेवायला बोलवायला सुरुवात केली. सभासद जेवायला जात ते परत येताना तरसअण्णांसारखं हसत येत. पुढच्याच पंधरवड्यात सभेत विश्वासाचं मतदान होतं. राजाला घाम फुटला. घाम पुसत, सावली शोधत, भर दुपारी तो सगुणाताईंच्या गुहेपाशी आला आणि गार वारा लागताच तिथेच थबकला.

"अगंबाई, महाराज! आत नका येऊ," ताई धावत आल्या. "आत बिअर निजली आहे."

"इथे कोण कोण येतं?"

"कुणीच नाही. बाहेरचा वारा लागला की बिघडते ती."

"बाहेरचा वारा लागला की बिघडते," राजाने हळूच म्हणून पाहिलं. "आणि आत आवाज करते का?"

"पहिले आठ दिवस बुडबुडे येतात. मग गप्प होते."

"मग?"

"मग काय, जड ते सगळं खाली बसतं. वर नुसती नितळ. जिकडे ओताल तिकडे वाहते."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं राज्य करून ही विद्या आपल्याला कुणी सांगितली नव्हती, याचं त्याला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. सभासदांच्या प्रकृतीची काळजी म्हणून त्यांना मतदानापर्यंत थंड हवेत ठेवण्यात येत आहे. बिअर बाहेर, सभासद आत. सगुणाताईंना मद्य व मनःशांती खात्याचं मंत्रिपद.

ताई गुहेच्या तोंडाशी आडव्या उभ्या राहिल्या. शेपूट फुलवून, दात दाखवून, जेवढं मोठं दिसता येईल तेवढं मोठं दिसून.

"महाराज, दोनच आठवडे थांबा हो! सगळं घरदार आहे त्या पिंपांत."

"ताई, दोन आठवडे माझं सरकार थांबेल का?"

"मला नको ते मंत्रिपद!"

"ते देऊन झालं आहे," राजा म्हणाला.

राजाच्या रानकुत्र्यांनी पिंपं बाहेर काढली आणि उतारावरून गडगडत सोडली. चार आठवडे बसलेला गाळ एका क्षणात ढवळून निघाला. पिंपं खाली उन्हात जाऊन पडली. ताई त्यांच्यामागे धावल्या, एकेकाला पानांनी झाकत सुटल्या आणि शेवटी मटकन बसून रडल्या. संध्याकाळी एक पिंप उघडून पाहिलं. आत डबक्यासारखं काहीतरी होतं, आणि आंबट वास.

ही बिअर ओतून टाकायलाही त्यांना परवानगी मिळाली नाही. प्रसिद्धी खात्याच्या साळुंकीबाईंनी ती चाखली, तोंड वाकडं केलं, आणि लगेच सरळ करून घोषणा दिली, "गाळासकट, सर्वांसकट!"

मग जाहीर सभा झाली. राजाने फेटा बांधला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! मागच्या राजवटींनी तुमच्यापासून काय लपवलं? गाळ! सत्तर पिढ्या गाळ तळाशी राहिला. तो आम्ही वर आणला की नाही? घरोघरी पोचवला की नाही?"

"पोचवला!" जंगल ओरडलं.

आठवडाभर गढूळ बिअरची लाट आली. वानरांनी आपल्या चांगल्या बिअरमध्ये माती कालवली. मोरांनी डब्यावर डबक्याचं चित्र काढून घेतलं. एका म्हाताऱ्या सांबराने पोट धरून विचारलं, की पूर्वीसारखी नितळ मिळेल का. त्याला नितळवादी ठरवून सीमेपलीकडे पाठवण्यात आलं.

गुहेत सगळं शिस्तीत चाललं होतं. देखरेखीला सगुणाताईच होत्या, कारण त्या कामातलं त्यांच्याखेरीज कुणाला कळत नव्हतं. त्यांनाही तेवढंच गुहेत जायला मिळत होतं. पहिले काही दिवस बुडबुडे आले. कुणाला मंत्रिपद हवं होतं, कुणाला गुहेच्या दारापाशी जागा हवी होती, मुंगसाला तर अंथरूण सापापासून लांब हवं होतं. मग हळूहळू आवाज कमी झाला.

एक दिवस ताई घोरपडीपाशी थांबल्या. ही घोरपड खालच्या आळीची सभासद. पाणवठ्याच्या प्रश्नावर निवडून आलेली. सभेत पाय आपटून बोलायची, राजालाही सोडायची नाही.

"मावशी, तुमच्या पाणवठ्याचं काय झालं हो पुढे?"

"कुठला पाणवठा?" घोरपड गोड हसून म्हणाली.

ताईंच्या अंगावर काटा आला. बिअर असती तर त्यांनी खूश होऊन पिंपावर थाप मारली असती.

गुहेबाहेर तरसअण्णा उपोषणाला बसले होते. "सभासदांना थंडी भरते आहे! जंगलाचं काळीज गोठवू पाहणाऱ्यांनो, चालते व्हा!" असं ते दिवसभर गरजत. ताई बाहेर आल्या की मात्र जवळ सरकत आणि आवाज उतरवून विचारत, "ताई, अशी दुसरी एखादी गुहा आहे का हो तुमच्या पाहण्यात? जरा मोठी?"

मतदानाच्या दिवशी सभासद बाहेर आले. एका रांगेत, गारेगार, नितळ. प्रत्येकाच्या गळ्यात पक्षाचं देखणं लेबल. राजाने मान डावीकडे कलती केली, सगळे डावीकडे कलले. उजवीकडे केली, उजवीकडे. ठराव एकमताने पास झाला. तो कशाचा होता हे वाचून दाखवायचं राहून गेलं, पण कुणी हरकत घेतली नाही. तरसअण्णांचे सभासदही हो म्हणून गेले, कारण तेही आदल्या आठवड्यात थंड हवेला आले होते. हल्ली ते राजासारखं हंबरत.

सगुणाताईंनी फुलांचे हार संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग हात जोडले. "महाराज, आता माझी गुहा तेवढी मोकळी करा."

"गुहा?" राजाने फेटा सोडता सोडता विचारलं. "ताई, गुहा आता घटनात्मक झाली. तुम्ही उन्हातच गाळा ना. लोकांना आवडतंय."

ताई उतार उतरून आल्या. रिकामी पिंपं एकेक करून ओढ्यावर नेऊन घासली. कशासाठी घासतो आहोत हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांची शून्य मातीत गेली होती, आणि गुहेत भलतीच शून्य तयार होऊन सत्तेवर बसली होती. याचा त्यांना इतका राग आला की एका पिंपाचं झाकण त्यांनी ओढ्यात भिरकावून दिलं.

एवढ्यात पळायला निघालेला एक ससा थांबला. सभेतून येणारा ढोलांचा आवाज ऐकून म्हणाला, "ताई, शून्य म्हणजे काहीच चढत नाही ना? मग काळजी कसली?"

"बघू," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी जंगलात कुणी नशेचा एक थेंबही घेतला नव्हता. डोकं मात्र पुढची पाच वर्षं सगळ्यांचं दुखत होतं.