खापरतळ्याचा लाल तळ

पायताणं काठावरच राहू द्या. आता चार पायऱ्या उतरा आणि पाण्यात नीट पाहा. भोवतीचा तळ काळा आहे आणि मधे खळ्याएवढा लाल गोल. सावरखोरीच्या या तळ्याला एका कुंभारणीनं भोक पाडलं आणि तिनंच ते बुजवलं, असं सांगतात.

ठकाई तिचं नाव. कुंभारवाड्यात घरं चौदा, आणि नवऱ्यामागं तिथं तिचाच शब्द चाले. तळं आटलं की कुंभारांनी वीतभर गाळ न्यायचा, त्याखाली फावडं घालायचं नाही, असा नेम होता. एका साली लग्नं फार निघाली. मडक्यांना चिकण माती हवी, आणि ती खाली होती. ठकाईनं नेम मोडला. कमरेइतकं खणलं तेव्हा पाणी धरणारा चिकण थर फुटला आणि फावडं खालच्या मुरमावर वाजलं. तिनं वर गाळ लोटला आणि ती गप्प बसली.

पाऊस झाला, तळं भरलं, आणि दिवाळीच्या आत कोरडं पडलं. गावाला दुसरं पाणी नव्हतं. बाया दोन कोसांवरून घागरी आणू लागल्या. धाकोजी पाटलानं कुंभारांना पारावर बोलावलं. चौदा घरांनी गाव सोडायचं, असा त्याचा निवाडा.

ठकाई उभी राहिली. “पाटील, खड्डा मी खणला. बाकीच्यांना बोल लावू नका. बुजवीन पण मीच.”

“कशानं? माती पहिल्याच पाण्यात निघून जाईल.”

“खापरांनी.”

सगळा पार हसला. पाटील म्हणाला, “फुटक्या मडक्यानं पाणी धरलेलं कुणी पाहिलंय का गं, ठके?”

“माझ्या घरचा हौद पाहा. खापराची भुकटी चुन्यात मळून लिंपलाय. वीस वर्षं झाली, थेंब गळत नाही.”

“बरं. एक पावसाळा देतो. त्यानंतरच्या गुढीपाडव्याला गुडघाभर पाणी दिसलं नाही, तर उचला बिऱ्हाडं.”

कुंभारवाड्यामागं फुटक्या मडक्यांची टेकडीच होती. ती गाढवांवर लादून तळ्यात आली. ठकाईनं आपल्याच भट्टीत चुनखडी भाजली. बाया मुसळांनी खापरं कांडू लागल्या. टेकडी संपली, तसे गावातले उकिरडे चाळले. फुटकी कौलं आली, चुलींचे तुकडे आले. वैशाख सरत आला, थरावर थर बसले. तरी एका गाढवाचं ओझं कमी पडलं, आणि गावात खापर उरलं नाही.

उरलं होतं ते मसणवटीत. मढ्यामागं फोडलेली मडकी तिथं पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. त्यांना कुणी शिवत नसे. ठकाई पाटी घेऊन गेली आणि पहिली खेप भरून आणली. गाव काठावर धावला.

“मेलेल्याचं खापर तळ्यात?” पाटील कडाडला. “ते पाणी पिणार कोण?”

ठकाईनं पाटीतून एक तुकडा काढून त्याच्यापुढं धरला. “या गळ्यावर माझा अंगठा उमटलाय. गेल्या साली तुमच्या आबांसाठी हे मडकं मीच दिलं. आबा सत्तर वर्षं या तळ्याचं पाणी प्याले. त्यांचं खापर या तळ्याला परकं कसं?”

मग पाटलानं पागोटं काढून काठावर ठेवलं, तो तुकडा हातात घेतला आणि खाली उतरला. पहिलं मुसळ त्यानं मारलं, म्हणे. त्याच्यामागून सगळा गाव उतरला. सांजेला शेवटचा थर बसला.

पावसाळ्यात तळं भरलं. दिवाळी झाली, होळी झाली. पाडव्याला पाटील पाण्यात शिरला, तर पाणी गुडघ्याच्या वर, कमरेला लागलं. तो तिथूनच ओरडला, “ठकाई, धरलं गं फुटक्यानं!” त्यानं पहिली ओंजळ तिच्या हातात ओतली, मग स्वतः प्याला. चौदा घरं जागची हलली नाहीत.

आजही सावरखोरीत मडकं फुटलं तर कुणी फेकत नाही. तुकडे घराच्या कोपऱ्यात राहतात. मयताच्या मडक्याचे तुकडे थोरला मुलगा स्वतः घरी आणतो. वैशाखात तळं आटलं की गाव त्यात उतरतो, खापरं कांडतो आणि लाल गोलावर नवा हात फिरवतो. पहिलं मुसळ त्या साली ज्या घरात माणूस गेलं त्या घराचं. आजवर हे तळं पुन्हा गळलेलं नाही. तहान लागली असेल तर ओंजळ भरा. आमचे बापजादे खाली पाणी धरून बसलेत.