गॅलरीतलं कपाट

नागपूरचा मे महिना, आणि मुळमुळे साहेबांचा नवा एसी काही केल्या गार हवा देईना. तो बसवणारा देवानंद महिन्यापूर्वी अपघातात गेला होता, म्हणून त्याचा धाकटा भाऊ रोशन आला.

"तुझ्या भावानं काम बिघडवलं," साहेब शेजाऱ्यांसमोर कडाडले. "साऱ्या कॉलनीला सांगतो. मी इंजिनिअर आहे. तू शाळेत तरी गेलास का रे?"

"चौथीपर्यंत," म्हणत रोशन तडक गॅलरीत घुसला. बाहेरचं युनिट ओंगळ दिसतं म्हणून साहेबांनी त्याभोवती लाकडी कपाट ठोकून घेतलं होतं. रोशननं न विचारता पुढची फळीच उचकटली.

"अरे, सागवान आहे ते!"

आत युनिटवर काळ्या मार्करनं लिहिलेल्या ओळी होत्या. दादा प्रत्येक कामावर लिहायचाच.

"साहेब, मी पडलो चौथीवाला. तुम्हीच मोठ्यानं वाचा."

साहेबांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "गरम हवा इथून निघते. समोर झाकू नका. देवानंद."

शेजारी हसले. खोलीत गारवा येऊ लागला. रोशनचे डोळे मात्र डबडबले.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "अजून एकदा वाचा ना."

साहेबांनी वाचलं, या वेळी अगदी सावकाश.