मामा नाही म्हणाले

"पण बाई, यात माझं चुकलं कुठं?"

विराज धनवडे हे तिसऱ्यांदा विचारत होता. एकदा खुर्चीत बसून विचारलं, एकदा उठून विचारलं, आता खिडकीशी जाऊन विचारत होता.

बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाई म्हणजे रेठरेकरबाई. कऱ्हाडच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं त्यांनी समाजशास्त्र शिकवलं. मी तिथंच ग्रंथालयात कारकून होतो. आता दोघंही रिटायर, त्यामुळे रोज तीनच्या चहाला मी त्यांच्याकडे असतो. विराज हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, सध्या पुण्यात प्राध्यापक आहे. त्याच्या हुशारीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तीन वर्षांत पुस्तक परत करताना एकदाही 'येतो काका' म्हणाला नाही, हे मी विसरलेलो नाही.

हकिकत अशी. त्याच्या बहिणीचं, केतकीचं लग्न परवावर आलेलं. आपल्याकडे नवरीला मंडपात मामा घेऊन येतो. आणि इथं तर वडील गेल्यावर या दोघा भावंडांना मामांनीच वाढवलेलं, विट्याच्या बळवंतमामांनी. ते मामाच रुसून बसले होते. का, तर विराजनं पत्रिका फोनवर पाठवली. सगळ्यांना एकदम, एकसारखी. अक्षत घेऊन मामांच्या दारात कुणी गेलंच नाही.

केतकीनं सांगून टाकलं होतं, मामा नसतील तर मी खोलीतून पाऊल बाहेर टाकणार नाही. आई दोन दिवस धड जेवलेली नव्हती.

"काल विट्याला गेला होतास ना?" बाईंनी विचारलं.

"गेलो होतो. सगळं नीट समजावून सांगितलं."

"काय समजावलंस?"

इथं गडी जरा खुलला. त्यानं पिशवीतून एक त्रैमासिक काढलं. त्यात मानपानावर त्याचाच लेख होता. मामांना त्यानं अगदी सोप्या भाषेत सांगितलं होतं म्हणे, की लग्नात रुसणं ही एक सामाजिक भूमिका आहे. ज्याचा मान मोठा त्यालाच ती मिळते. रुसणारा माणूस नात्यातली आपली जागा अजून शाबूत आहे का, ते चाचपून बघत असतो. एवढ्यावर न थांबता त्यातला एक परिच्छेद वाचूनही दाखवला.

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसानं याला सायकल शिकवली, त्याच्याच ओसरीवर बसून यानं त्याला त्याचं रुसणं वाचून दाखवलं. धन्य आहे बाबा.

"मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आहे तुझं. पण मी काही येत नाही."

"मग?"

"मग काय... मी म्हटलं, ठीक आहे मामा, तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो. आणि निघालो."

बाईंचा हात थांबला...

मग पुन्हा शेंगा फुटायला लागल्या.

विराजचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. आईचा होता, हे सांगायला नकोच. तो दारापर्यंत गेला, परत आला, घड्याळ पाहिलं. लेखात काही खोट आहे का, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, लेख चांगला आहे, मी दोनदा वाचला. ते ऐकून तर तो आणखीच अस्वस्थ झाला.

तीन वाजले. बाई उठून आत गेल्या, आधण ठेवलं आणि तिथूनच विचारलं, "विराज, चहा घेणार?"

"नको बाई, राहू दे."

"बरं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या घरातून बिनचहाचा गेलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बाईंनी मला दोन कप गाळायला सांगितलं. मी आत जाऊन पाहिलं, तर पातेल्यात तिघांचा चहा होता. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी उरलेल्या चहावर शांतपणे झाकण ठेवलं.

आम्ही दोघं चहा प्यायलो. तो समोर बसला होता. घरात लग्नाची धांदल, याला सकाळपासून कुणी चहाचंही विचारलेलं नसणार. त्याची नजर कपाकडे जायची, मग भिंतीकडे वळायची. माझ्या तर तो चहा घशाखाली उतरेना, खरंच सांगतो.

शेवटी तो कसंनुसं हसला. "बाई, खरं तर मी घेतला असता."

"नको म्हणालास ना?"

"हो, पण ते... पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. घरच्यानं आग्रह करायचा असतो. तुम्हीच तर शिकवलं होतं, दुसऱ्या वर्षाला."

"शिकवलं होतं खरं," बाई म्हणाल्या. "पण मी तुझ्या निर्णयाचा आदर केला."

...

विराजच्या मांडीवरचं त्रैमासिक खाली घसरलं, ते त्यानं उचललंही नाही.

"मामा फाटकापर्यंत आले होते," तो म्हणाला. "मी गाडी सुरू केली तरी तिथंच उभे होते. मला वाटलं, निरोप द्यायला आलेत."

मला त्याचा राग होता तो तिथंच संपला. वाईट वाटलं पोराचं. मी विचारलं, मामांच्या हातात अक्षत तरी दिली होतीस का? तो माझ्याकडे बघतच राहिला. अक्षत आणि पत्रिका आईनं कालच बरोबर दिली होती. लेख वाचण्याच्या नादात द्यायचं राहूनच गेलं. पुडी अजून गाडीत होती.

तो ताडकन उठला. आत्ता निघालो तर दिवस मावळायच्या आत विट्याला पोचेन, म्हणाला. चपला घालताना पट्टा नीट बसेना, तसाच दाराकडे निघाला. उंबऱ्यात मात्र अडखळला.

"येतो काका," मला म्हणाला. मग बाईंकडे वळला. "बाई... आणि पुन्हा नाही म्हणाले तर?"

बाईंनी मला खूण केली. मी पातेलं गॅसवर ठेवलं, चहा गरम केला, तिसरा कप भरून आणला.

"नको बाई, आता खरंच उशीर होतोय."

बाई उठल्या. गुडघे धरत धरत त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, आणि कप त्याच्या हातात दिला.

"अर्धा तरी घे."